पखुर्डीचा काठ

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून कुणी पाऊस मोजायला बसला, तर हा सगळा एकच जिल्हा आहे यावर त्याचा विश्वास बसणे कठीण. मलप्रभा जिथे उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि जत तालुक्याच्या हद्दीला टेकलेल्या अथणीच्या माळावर पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी ‘यंदा बरे झाले’ असे लोक म्हणतात. आम्हा बेळगावकरांना अप्रूप घाटाचे, धुक्याचे आणि भीमगडच्या जंगलाचे. त्यामुळे सहलीची गाडी कायम पश्चिमेलाच वळते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीही त्याच दिशेला जात आल्या आहेत. यंदा फेब्रुवारी संपता संपता मी पूर्वेला गेले, कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी अथणीच्या माळावरच्या पक्ष्यांच्या नोंदी घेते आहे आणि पाणवठ्यांच्या काठावर काय उगवते हे ओळखून देणारे कुणीतरी तिला हवे होते.

वाटेत घटप्रभा स्टेशनवर उतरून धुपदाळचा जलाशय पाहिला. १८९७ साली बांधलेल्या बंधाऱ्यामागचे हे उथळ पाणी १९७४पासून पक्षी अभयारण्य आहे. कांड्या करकोचे मध्य आशियाकडे परत निघण्याच्या तयारीत होते. दिवसभर हरभऱ्याच्या रानात चरून संध्याकाळी ते उथळ पाण्यात येऊन उभे राहिले. त्या संध्याकाळीबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. दुसऱ्या दिवशी कुडचीपर्यंत रेल्वे आणि पुढे बस असा प्रवास झाला. कृष्णाकाठचा ऊस मागे पडला की हवा एकदम कोरडी होते. अथणीतल्या लॉजबद्दल एवढेच सांगते की तिथे डास होते आणि पंखा नव्हता.

अनंतपूरच्या पुढे, जतच्या बाजूला, एक जुना पाझर तलाव आहे. पाणी निम्म्याहून जास्त आटलेले, आणि उघड्या पडलेल्या गाळावर वनस्पतींचे पट्टे इतके स्पष्ट उमटलेले, की वर्गात फळ्यावर काढून जे विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही ते तिथे एका नजरेत दिसत होते. पाण्याला लागून ओला, उघडा चिखल, त्याच्या वर लव्हाळ्याची कोवळी पाती, मग भेगाळू लागलेल्या गाळावर जमिनीसरपट पसरलेली माशीपत्री आणि जलपिंपळी, त्याच्यावर हरळी, आणि पूरपातळीच्या वर तरवड, बोराटी आणि वाळलेली कुसळी. पाणी जसजसे उतरते तसतसे हे पट्टे खाली सरकतात. प्रत्येक वनस्पतीचे बी गाळात आपल्या पाळीची वाट पाहत असते आणि काठ उघडा पडला की थोड्या आठवड्यांत उगवून, फुलून, पुढच्या वर्षाचे बी टाकून ती मोकळी होते. आम्ही मीटरभर लांबी-रुंदीच्या चौकटी टाकून नोंदी घेत होतो, तेव्हा मेंढरे घेऊन आलेले एक धनगर मामा बराच वेळ उभे राहून पाहत होते. शेवटी ते म्हणाले, “बाई, पाखरं बघायची असतील तर हितनं उठा. तुमी बसलाय तितंच ती उतरत्यात.”

आम्ही उठून बोराटीच्या आडोशाला गेलो. सूर्य चांगला वर आल्यावर माळाकडून ‘कुट-रो, कुट-रो’ असा आवाज ऐकू आला आणि पखुर्ड्या आल्या. पारव्याएवढा पक्षी, शेपटीची मधली पिसे सुईसारखी निमुळती, पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला लागेल असे वाटावे. त्या पाण्याजवळ उतरल्या नाहीत. पाण्यापासून चांगल्या लांब, हरळीच्या वरच्या उघड्या जागेवर थवा उतरला आणि निश्चल उभा राहिला. मातीत आणि त्यांच्यात फरक करणे दुर्बिणीतूनही अवघड होते. बऱ्याच वेळाने सगळ्या मिळून पाण्याकडे चालत निघाल्या. चोची बुडवल्या, काही घोट घेतले आणि उडाल्या. हे पिणे संपायला काही क्षणच लागले.

एक नर मात्र मागे राहिला. छातीवर काळी रेघ आणि तिच्या खाली गडद तपकिरी, जवळजवळ काळे पोट. त्याने आधी कोरड्या मातीत पोट घासले, मग तो उथळ पाण्यात शिरला आणि पिसे फुलवून अंग खालीवर हलवू लागला. पाणी प्यायचे, थांबायचे, चौफेर पाहायचे, पुन्हा अंग हलवायचे. माझी विद्यार्थिनी श्वास रोखून होती आणि माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. हा बाप पिलांसाठी पाणी भरत होता.

पखुर्डी मुख्यतः बारीक कोरडे बी खाऊन जगते, म्हणून तिला रोज पाणी लागते. उघड्या माळावर, जमिनीतल्या उथळ खळग्यात ती बहुधा तीन अंडी घालते. पिले अंड्यातून निघाल्यावर लवकरच स्वतः दाणे टिपू लागतात. पण पाणवठा लांब असतो आणि पंख फुटलेले नसतात. मग नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून नेतो आणि पिले ती पिसे चोचीत धरून पाणी ओढून घेतात. मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिपालकाने पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांवरून हे १८९६ साली लिहिले, तेव्हा अनेक जाणकारांनी ते मानले नाही. १९६७ साली केड आणि मॅक्लीन या दोघांनी आफ्रिकेतल्या कलहारीत, तिथल्या नामाक्वा जातीच्या पखुर्डीवर अभ्यास करून ते सिद्ध केले. त्या जातीचा नर एका वेळी पंचवीस मिलिलिटरच्या आसपास पाणी पिसांत धरू शकतो. पोटाच्या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात. ओले झाले की उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाट जाळीत पाणी टिपकागदासारखे धरले जाते. २०२३ साली सूक्ष्मदर्शकाखाली या रचनेचे बारकाईने चित्रण झाले. हे सगळे मी वाचलेले होते. तरी अथणीच्या माळावरचा तो नर भिजून, जड होऊन, पाण्यावरून खालूनच उडत माळाच्या दिशेने गेला, तेव्हा माझे डोळे भरून आले. कुठे तरी कुसळीच्या आडोशाला ती पिले उन्हात बसलेली असणार.

यानंतर मी काठाकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. त्या नराला पाण्याइतकीच उतरत्या, उघड्या काठाची गरज होती. आखूड पायांनी चालत जाता येईल असा उतार, कोल्हा किंवा ससाणा दुरून दिसेल एवढी मोकळीक, पोट भिजेल पण अंग बुडणार नाही एवढे उथळ पाणी. या तलावाच्या पूर्वेच्या काठावर वेडी बाभूळ माजली आहे आणि तिच्या खाली पाण्यापर्यंत बेशरमीचे रान आहे. त्या बाजूला एकही पखुर्डी उतरली नाही. टिटव्यासुद्धा मोकळ्या काठावरच होत्या. माझ्या चौकटींतही तेच आले: झुडपांच्या सावलीत माशीपत्री नाही, लव्हाळा नाही, उघडा चिखल नाही.

दुपारी मामांच्या वस्तीवर जोंधळ्याची भाकरी आणि शेंगांची चटणी मिळाली. मामींनी आग्रह करकरून ताक वाढले. अशा घरी जेवल्यावर हॉटेलात पैसे मोजून जेवणे नकोसे होते. मामा म्हणाले, “पूर्वी हिकडं पाणवठं लई होतं. आता शेततळी झाल्यात, पर त्यात पाखरू उतरतंय व्हय?”

शेततळे पाहायला म्हणून आम्ही जवळच्या द्राक्षबागेत गेलो. कर्नाटकात २०१४पासून कृषी भाग्य योजनेत अशी तळी मोठ्या प्रमाणावर खोदली गेली, आणि या कोरड्या भागातल्या शेतकऱ्याला त्यांनी आधार दिला आहे यात वाद नाही. बाग जगते ती या पाण्यावर. पण तळ्याच्या चारही बाजू तीव्र उताराच्या आणि त्यावर काळे प्लास्टिक अंथरलेले. पाण्याच्या कडेला प्लास्टिकवर शेवाळाचा गुळगुळीत थर होता, आणि त्या थरावर वरपासून खालपर्यंत बारीक नखांचे ओरखडे होते, एकाशेजारी एक, सगळे एकाच कोपऱ्यात. त्याच कोपऱ्यात एक ससा मरून तरंगत होता. कुंपणाची जाळी खालून वाकली होती, तिथून तो आत आला असणार. वर चढायचा प्रयत्न त्याने किती वेळ केला असेल हे त्या ओरखड्यांवरून कळत होते. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. बागवाल्यानेच ससा काढून पुरला. त्यालाही वाईट वाटले होते. तो म्हणाला, “मॅडम, प्लास्टिक फाटलं तर माझं वरीस बुडतंय. मी तरी काय करू सांगा.”

त्याचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच तळ्याचा आराखडा ठरवतानाच याचा विचार व्हायला हवा असे मला कळकळीने वाटते. एका बाजूचा उतार सौम्य ठेवणे, किंवा निदान एका कोपऱ्यात काथ्याची जाड जाळी वरून पाण्यापर्यंत सोडणे, यात प्लास्टिकला भोक पाडावे लागत नाही. ससा, मुंगूस, सरडा एवढे प्राणी तिच्यावर पाय रोवून वर येऊ शकतात. पखुर्डीची गरज मात्र जाळीने भागणार नाही. तिला जुना, उथळ, गाळाचा काठच लागतो, म्हणून माळावरचे पाझर तलाव आणि ओढ्यातली डबकी शेततळ्यांच्या हिशेबात धरून ‘पाण्याची सोय झाली’ म्हणणे मला पटत नाही.

बागवाल्याशी बोलणे झाले आहे. जाळीचा खर्च आम्ही द्यायचा आणि ती वरच्या बांधाला बांधून सोडायचे काम त्याने करायचे. द्राक्षांची काढणी उरकली की तो हात घालणार आहे. पाझर तलावाच्या पूर्व काठावरची वेडी बाभूळ आणि बेशरम मुळासकट काढावी असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, आणि नुसती तोडली तर ती दुप्पट फुटते हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मामांनी अर्जावर पहिली सही केली. मे महिन्यात पाणी आणखी उतरले की आम्ही दोघी त्याच काठावर पुन्हा चौकटी टाकणार आहोत, आणि या वेळी पखुर्ड्यांची उतरायची जागा सोडून.