काळ्यातला हिरवा

स्टॉकहोमच्या नॅशनल म्युझियममध्ये मी आपल्याकडच्या पर्यटकांना चित्रं दाखवते. स्वीडिश चित्रकार आन्डर्स झॉर्नची चित्रं आली की माझी टेप सुरू होते. जन्म १८६०, मोरा गावचा. बाप जर्मन, बिअर बनवणारा. पोराने त्याचं तोंडही पाहिलं नाही. आजी-आजोबांच्या शेतावर वाढला आणि पुढे अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांना समोर बसवून त्यांची चित्रं केली. मग १८९६चं आत्मचित्र, हातात पॅलेट. "बघा, चारच रंग! पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल, आणि काळा. सगळी चित्रं एवढ्यावर." लोक माना डोलावतात, फोटो काढतात, पुढे सरकतात.

गेल्या जूनमध्ये साताऱ्याकडचे एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर आले होते. बायको आणि सून पुढे गेल्या, हे 'मिडसमर डान्स'पुढून हलेनात. १८९७चं चित्र, रात्रीचा न मावळणारा उजेड, गिरक्या घेणाऱ्या बायका, पायाखाली गवत.

"ताई, हे गवत कशानं रंगवलं? निळा तर तुम्ही त्याला दिलाच नाहीत."

"असेल थोडा…"

"मग चारच कसे?"

मी गप्प. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

कॅफेत त्यांनी खिशातून जलरंगांची चपटी डबी काढली. ब्रश पाण्याच्या ग्लासात बुडवला (वेटर बघत होता), टिश्यूवर काळा लावला आणि ओला असतानाच त्यात यलो ऑकर सोडला. काळा हळूहळू शेवाळी झाला. चक्क हिरवा! मग लाल ठिपक्याशेजारी पातळ काळा ओढला, तर तो निळसर दिसायला लागला.

"एलिमेंटरीच्या पोरांना जन्मभर हेच दाखवलं."

मी खूश होऊन फोनवर झॉर्नची इस्तंबूलच्या पाण्याची जलरंगचित्रं काढून दिली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीन नाकाजवळ धरली.

"छे! हे काळ्याचं काम नाही. इथं निळा आहे, चांगला रोख निळा. चेहरे करताना चार पुरत असतील त्याला. 'सगळी चित्रं' नका म्हणू."

तेवढ्यात सून शोधत आली. काकांनी डबी मिटली, टिश्यू तिथेच राहिला.

पुढच्या गटाला मी म्हटलं, "या चित्रात तरी चारच दिसतात." कुणी काही विचारलं नाही. एका काकूंनी तेवढं स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.