'संस्था' या शब्दावर अडलेलं स्थलांतर

पीएचपी भाषेच्या ५.६ आवृत्तीतलं जुनं नोंदणीचं अ‍ॅप जँगोवर (पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर) न्यायचं होतं. कोड तयार, टेस्ट सगळ्या हिरव्या (टेस्टमधला डेटा इंग्रजी, हे नंतर लक्षात आलं). रंगीत तालमीला खऱ्या डेटाबेसची प्रत जोडली आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं उमटली. जुन्या स्क्रीनवर तोच मजकूर स्वच्छ.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधले कॉलम लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याची यादी) होते आणि पीएचपीने कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट कधी सांगितलाच नव्हता. यूटीएफ-८ चे (मराठीसह सगळ्या लिपींना चालणाऱ्या एन्कोडिंगचे) बाइट लॅटिन१ म्हणून आत जात आणि तसेच बाहेर येत. नवा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा भाग) यूटीएफ८एमबी४ मध्ये, म्हणजे मायएसक्यूएलच्या पूर्ण यूटीएफ-८ मध्ये, बोलू लागला आणि बिंग फुटलं. साठवलेले बाइट दाखवणारं हेक्स फंक्शन लावून पाहिलं तर दर अक्षराला ३ बाइट. म्हणजे माल शाबूत, लेबल चुकीचं. ६-७ बाइट दिसले असते तर दुहेरी एन्कोडिंग (यूटीएफ-८ चं पुन्हा यूटीएफ-८) झालेलं असतं, आणि उपायही वेगळा.

आधी पायथनमधूनच दुरुस्ती करून पाहिली: सीपी१२५२ ने (विंडोजचा लॅटिन१ सारखा कॅरॅक्टर सेट) एन्कोड, यूटीएफ-८ ने डीकोड. 'संस्था' आला की स्क्रिप्ट कोसळे. हलन्ताचा (पाय मोडण्याच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी१२५२ मध्ये ती जागा रिकामी. मायएसक्यूएलचं लॅटिन१ ती चालवून घेतं, पायथन नाही. पायथनचं लॅटिन-१ वापरावं तर अनुस्वाराचा ८२ अडतो. मराठीत हे दोन्ही टाळून किती वाक्यं लिहिणार?

मग डेटाबेसमध्येच केलं. व्हारचार (मजकुराचा) कॉलम आधी व्हारबायनरी, टेक्स्ट असेल तर ब्लॉब (दोन्ही नुसत्या बाइटचे प्रकार), आणि तिथून यूटीएफ८एमबी४. थेट 'कन्व्हर्ट टू' (लेबलासोबत बाइटही बदलणारी आज्ञा) दिलं असतं तर घाणीवर पक्का शिक्का बसला असता. कॉलमचा प्रकार मॉडिफाय करताना नॉट नल (नल चालणार नाही ही अट) आणि डिफॉल्ट पुन्हा लिहावे लागतात, नाहीतर ते गुपचूप गळतात.

तरी काही ओळी १३६६ एरर (मजकूर अवैध) देत होत्या. लॅटिन१ च्या व्हारचार(१००) मध्ये १०० बाइट, म्हणजे ३३ अक्षरं आणि चौतिसाव्याचा तुटका पहिला बाइट. बायनरी टप्प्यावर ती शेपटं छाटली. जुनं अ‍ॅप समांतर चालणार होतं, म्हणून त्याच्या कनेक्शनलाही त्याच वेळी कॅरॅक्टर सेट दिला.

एका इम्पोर्ट स्क्रिप्टने मात्र यूटीएफ-८ कनेक्शनवरून लॅटिन१ कॉलममध्ये लिहिलं होतं. तिथे हेक्समध्ये नुसते ३एफ, म्हणजे खरीखुरी प्रश्नचिन्हं. त्या नोंदी मूळ एक्सेल फाइलमधून पुन्हा भरल्या.