शेवटी फर्स्ट पॅटर्नच घेतला

आज दौलतगंजच्या काकांकडे दुपारचा गेलो ते दिवेलागणीलाच उठलो. त्यांनी फेअरबर्न साइक्सच्या दोन प्रतिकृती मांडून ठेवल्या होत्या, ब्रिटिश कमांडोंचा तो दुधारी खंजीर, शांघायच्या पोलिसात राहिलेल्या दोघांनी डिझाइन केलेला आणि 1941 पासून विल्किन्सन स्वोर्डने बनवलेला.

पहिला इतका चकचकीत की मी लगेच हात घातला. काका म्हणाले, "थांब रे, आधी गार्ड बघ." बघतो तर गार्ड, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टी, अगदी सरळ आणि मुठीवर गोल गोल कडी, म्हणजे हा थर्ड पॅटर्न, नंतरच्या वर्षांतला नमुना, आणि डब्यावर चक्क 1941 छापलंय! वाईट वाटलं खरंच, नवीन माणूस यातच फसतो. शिवाय मूठ धरून हलवली तर आत बारीक खडखड.

दुसरा मात्र फर्स्ट पॅटर्न, म्हणजे 1941 चा पहिला नमुना: गार्ड इंग्रजी एस सारखा वळलेला, गार्डपाशी पात्याला चौकोनी सपाट जागा, मुठीवर बारीक चौकड्या ज्या तळव्याला नीट रुततात, घाम आला तरी सुटणार नाही. टोकाची नट घट्ट. चामड्याच्या म्यानाला पँटवर शिवायचे चारही कान होते, ते बघून तर मला राहवेचना. पॉलिश थोडं मंद आहे, चालेल.

आमच्या ग्रुपच्या लुटुपुटूच्या लढाईच्या सीनमध्ये मात्र हा नेणार नाही हं, तिथे रबराचाच. टोक फार अणकुचीदार आहे आणि पोरं अंगावर धावून येतात. हा घरी काचेच्या कपाटात, तेलाचा हात फिरवून, आणि म्यानाबाहेर, कारण चामड्यात ठेवला की पात्याला डाग धरतात.