चीझमधले घरगुती इफेक्ट

दिवाळीत ताईची पोरगी आली होती, माझ्या जुन्या उबुंटूवाल्या (म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या) लॅपटॉपवर तिला चीझ सापडलं आणि मग चार दिवस लॅपटॉप माझा राहिला नाही. चीझ म्हणजे ग्नोमवाल्यांचं (लिनक्सचा डेस्कटॉप बनवतात ते) वेबकॅमचं अ‍ॅप, इफेक्टचं बटण दाबलं की नऊ चौकोनांत आपलंच थोबाड नऊ तऱ्हांनी हलताना दिसतं. हल्क नावाचा एक इफेक्ट आहे, त्यात माणूस हिरवा होतो. तर तिसऱ्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, मामा, हे सगळे बघून झाले, नवीन टाक ना.

नवीन कुठून टाकू? पण शोधल्यावर कळलं की हे इफेक्ट म्हणजे अगदी साध्या टेक्स्ट फाइली आहेत. यूएसआर, मग शेअर, त्यात ग्नोम-व्हिडिओ-इफेक्ट्स असा फोल्डर आहे, त्यातली कुठलीही फाइल एडिटरमध्ये उघडा, चारपाच ओळी दिसतील. वर इफेक्टचं नाव आणि खाली पाइपलाइन, म्हणजे जीस्ट्रीमरने (व्हिडिओ हाताळणारं पडद्यामागचं सॉफ्टवेअर) चित्राचं काय करायचं ते. तिथे मात्र हात लावू नका, आपल्या होममध्ये लपलेला डॉट लोकल फोल्डर असतो (कंट्रोल एच दाबा, दिसेल), त्यात शेअरच्या आत त्याच नावाचा फोल्डर करून तिथे कॉपी टाका, सुडो वगैरे (अ‍ॅडमिनची परवानगी) भानगड नको.

सोपं म्हणजे व्हिडिओबॅलन्स, जीस्ट्रीमरचा रंग बदलणारा तुकडा. त्यात ह्यू (रंगछटा) उणे एक ते एक, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्य ते दोन, शून्य केलं की कृष्णधवल, दोन केलं की जत्रेतल्या फोटोवाल्याकडचा पडदा. ह्यू थोडा सरकवला तर पोरगी एकदम जांभळी झाली आणि खिदळत आईला दाखवायला पळाली, जाताना वायर ओढून गेली तो भाग सोडा.

मग मला चढला जोर. म्हटलं आजीच्या लग्नातल्या फोटोसारखं काहीतरी करू. कलरइफेक्ट्स नावाच्या तुकड्यातला सेपिया (जुन्या फोटोंचा तपकिरी रंग) घेतला, पुढे उद्गारचिन्ह (ह्यांच्याकडे दोन तुकडे उद्गारचिन्हानेच जोडतात, काय ते), मग व्हिडिओकन्व्हर्ट (चित्राचा फॉरमॅट पुढच्या तुकड्याला चालेल असा करतो), परत उद्गारचिन्ह आणि शेवटी एजिंगटीव्ही, जो जुन्या फिल्मसारखे ओरखडे आणि धूळ टाकतो. चीझ बंद करून परत उघडलं आणि काहीच नाही, इफेक्ट चालेचना. अर्धा तास डोकं खाजवलं, शेवटी टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) चीझ चालू केलं तेव्हा एरर दिसली, एजिंगमधला जी खाल्ला होता मी.

चाललं एकदाचं. ओरखड्यांची संख्या सातवरून वीसवर नेली, वीसच्या पुढे जातच नाही. आजीला आणून समोर बसवलं. तिने पदर सारखा केला, चष्मा काढून स्क्रीन पदराने पुसली, मग परत पुसली.

"डाग जात नाहीत रे."

म्हटलं आजी, ते मुद्दाम आहेत, जुना फोटो वाटावा म्हणून.

"आमचे फोटो असे नव्हते हो, चांगले गुळगुळीत होते. हे ओरखडे नंतर ट्रंकेत पडले."

ओरखडे तीनवर आणले, धूळ बंद केली. आता त्या फाइलीत नावाच्या ओळीत "आजी" लिहिलंय.