वाफा तुंबला होता, दुखणं टाकीत होतं

होळी होऊन चार दिवस झाले आणि धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून निरोप आला: सेप्टिक टाकीतून येणारं सांडपाणी गाळायच्या खडीच्या वाफ्यावर काळं पाणी साचलंय, बांधावरून ओघळून खालच्या झिऱ्याकडे चाललंय. पोचलो तर सगळ्यांचं एकच म्हणणं, "भाऊ, खडी बदला."

वाफा 12 मीटर लांब, 5 मीटर रुंद, खडी 60 सेंटिमीटर जाड. पोकळी 35 टक्के धरली तर साडेबारा हजार लिटर पाणी आत मावतं. दीडशे माणसांचं दिवसाला सहा हजार लिटर येतं, म्हणजे पाणी दोन दिवस कर्दळीच्या मुळांतून सरकतं. होळीला ऊसतोडीची आणि गुजरातेत गेलेली माणसं परततात, तेव्हा पाणी दुपटीला जातं. पण नुसत्या जादा पाण्याने चढलेली पातळी पुन्हा उतरते. इथे ती उतरतच नव्हती.

पाणी शिरतं त्या तोंडाशी उकरलं तर मोठे दगड काळ्या चिकट गाळाने भरलेले. तीन मीटर पुढे खडी स्वच्छ. गाळ वरच्या टाकीतून येत होता, हे तिथेच कळलं.

सेप्टिक टाकीची झाकणं काढून अर्धा तास थांबलो. आत कुणी वाकायचं नाही, विडी-काडी पेटवायची नाही. टाकीतला वायू माणूस मारतो. बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत हळूच सोडलं, काही मिनिटं धरलं. दीड मीटर पाण्यात गाळाची खूण तळापासून 95 सेंटिमीटरवर. एक तृतीयांश, म्हणजे 50 सेंटिमीटर भरली की टाकी उपसायची असते. त्यात बाहेर जाणाऱ्या पाइपच्या टीचा (टी आकाराच्या जोडाचा) खालचा पाय तुटलेला. हा पाय मधल्या थरातलं निवळ पाणी घेतो. तो नसल्याने वरची साय थेट खडीत जात होती.

हातमोज्यातही गाळ बोटांना कचकच लागला. राख! इथे भांडी राखेने घासतात. मैला कुजून आटतो. राख आणि माती तशीच तळाशी राहते, म्हणून टाकी हिशेबाआधीच भरली. यात बायकांचा काही दोष नाही. भांडी घासायच्या जागेपुढे गाळकुंडी आराखड्यातच हवी होती: 45 सेंटिमीटर चौरस, बाहेरचा पाइप तळापासून 30 सेंटिमीटर वर, आठवड्याला एकदा फावड्याने रिकामी. ती आता बांधायला घेतली.

मैला उपसणारा टँकर त्या वाटेने चढत नाही आणि हाताने मैला उपसायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून मड पंप लावला. चार हजार लिटर गाळ निघाला. तळाशी 15 सेंटिमीटर मुद्दाम ठेवला, जिवाणूंचं विरजण म्हणून. उपसलेला गाळ वाळूच्या वाफ्यावर 20 सेंटिमीटर थरात पसरला. वाळला तरी भाजीला घालायचा नाही, जंतांची अंडी त्यात बराच काळ जिवंत राहतात.

नवी टी बसवली, तोंडाचे दगड काढून धुतले, धुण्याचं पाणीही वाळूवरच सोडलं. वाफ्याच्या शेवटच्या चेंबरमधला एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) फिरवून पाण्याची पातळी खडीच्या 5 सेंटिमीटर खाली आणली. वर पाणी दिसलं की डास आलेच.

झिऱ्याचा घोर मात्र सुटेना. काळ्या कातळाच्या भेगांतून पाणी न गाळताच खाली उतरतं. झिऱ्याचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण. त्या सकाळपासून झिरा फक्त धुण्यापुरता. पिण्याचं पाणी पाड्याच्या वरच्या अंगाच्या हातपंपावरून. दर आठवड्याला नवी बाटली भरायची, ती काळी पडायची थांबेपर्यंत.