चुझेंजी तलाव पाण्यातून बघा, रस्त्यावरून नको

ऑक्टोबरात निक्कोला जायचं म्हटलं की जपानमधे सगळे आधी इरोहाझाका घाटातल्या ट्रॅफिकचं रडगाणं गातात, आणि ते खोटं नाहीये, ४८ वळणं आणि पानं लाल झाली की गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. म्हणून आम्ही अंधारातच निघालो, घाट चढून वर चुझेंजी तलावावर पोचलो आणि थेट कयाकमधे (वल्ह्याच्या छोट्या होडीत) बसलो, केगोनचा धबधबा वगैरे नंतर बघू म्हटलं.

तलाव १२६९ मीटरवर आहे त्यामुळे थंडी सणसणीत. नानताई ज्वालामुखीच्या लाव्हाने नदी अडली आणि हे पाणी साठलं, आणि तो २४८६ मीटरचा डोंगर कयाकमधून बघताना इतका अंगावर येतो की वल्हं थांबवून मान वर करावीच लागते. सकाळी पाणी शांत असतं, दुपारी वारा सुटला की लाटा चालू होतात, तेव्हा सकाळचीच टूर घ्या आणि काठाकाठाने जा. पाणी भयंकर गार आहे, लाइफ जॅकेट नीट आवळून घ्या, फोटोत कसं दिसतं ते जाऊ दे.

हाच्चोदेजिमा म्हणजे तलावात लांब घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, तिचा वरून काढलेला फोटो सगळ्यांकडे असतो. पण खालून, अगदी झाडांच्या पायथ्याशी वल्हवत गेलं की लाल-पिवळ्या फांद्या डोक्यावर येतात, मला तरी वरच्या फोटोपेक्षा हेच जास्त आवडलं.

आणि काठावरचे ते जुने वकिलातींचे बंगले! इटलीवाल्यांचा १९२८ चा, अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाने बांधलेला, सुगी या जपानी झाडाच्या सालींनी मढवलेला. या बंगल्यांचे व्हरांडे तलावाकडे तोंड करून आहेत, रस्त्याने आलात तर पाठच दिसणार. गंमत म्हणजे १८७२ पर्यंत बायकांना इथे वर यायलाच बंदी होती, पवित्र जागा ना, आणि १८७८ मधे इसाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी बाई येऊन गेलीसुद्धा. शोदो शोनिन या भिक्षूने ७८४ मधे इथे चुझेंजी देऊळ स्थापलं, तिथली कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, मूर्ती त्याने उभ्या झाडातच कोरली असं सांगतात. देऊळ मात्र १९०२ च्या दरडीनंतर आत्ताच्या जागी हलवलंय, काठालगतच आहे, कयाक परत दिली की चालत जाऊन या.

धबधबा ९७ मीटरचा आहे, भारीच आहे, पण तिथे गर्दी इतकी की आम्ही पटकन बघून निघालो. वेळ कमी असेल तर तो सोडा, कयाक सोडू नका.