ऑफिस बिल्डिंगचं ब्रोशर आणि त्यातलं मधलं पान

ऑफिस बिल्डिंगच्या ब्रोशरचं काम आलं की पहिल्याच मीटिंगमध्ये रेंडर, म्हणजे इमारतीचं कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, समोर येतो, संध्याकाळचं निळं आकाश, काचेत लागलेले दिवे वगैरे. छान दिसतो, मलाही आवडतो. पण मी आधी विचारते की फ्लोअर प्लॅनची कॅड फाइल (आर्किटेक्टचं कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) कधी मिळेल, कारण जागा बघायला आलेला माणूस रेंडरवर नजर टाकतो आणि मग प्लॅनवर बोट ठेवून बसतो. आपली सगळी माणसं इथे मावतील का, एवढंच त्याला बघायचं असतं.

हे मी चुकून शिकले. २४ पानांचं ब्रोशर होतं, सेंटर पिनिंगचं, म्हणजे शीट एकात एक घालून मधोमध पिना मारलेलं, आणि प्लॅन मी पान ८ आणि ९ वर पसरवला. स्क्रीनवर एकदम झकास. छापून आल्यावर बघते तर लिफ्टच्या गाभ्यातली (लिफ्ट-जिने असतात त्या भागातली) भिंत डावीकडे एका उंचीवर आणि उजवीकडे जरा खाली, कारण ती दोन पानं वेगवेगळ्या शीटवर छापली जातात आणि घडी घालताना थोडंसं इकडेतिकडे होतंच. लीजिंगवाला माणूस प्रत्येकाला पेनाने ती रेघ जोडून दाखवत होता, ते बघून फार वाईट वाटलं होतं. सलग शीट फक्त मधोमध मिळतो, २४ पानांत तो १२-१३. तेव्हापासून प्लॅन तिथेच, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला बसवायचं.

प्लॅनवर काय हवं याबद्दल पण मी आता हट्टी झालेय. उत्तरेचा बाण हवाच, दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून येणार ते त्यावरून कळतं. १:२०० असं नुसतं लिहू नका, पीडीएफ कोणी छोट्या कागदावर प्रिंट केली की तो आकडा खोटा ठरतो, त्याऐवजी स्केलपट्टी काढा, ती प्लॅनबरोबरच लहानमोठी होते. दोन कॉलममधलं अंतर, गाभ्यापासून काचेपर्यंतची खोली, आणि उंची देताना स्लॅब ते स्लॅब की फॉल्स सीलिंगखालची मोकळी उंची ते स्पष्ट लिहा. क्षेत्रफळाचं तर विचारूच नका, अमेरिकेतल्या बोमा या संस्थेने ऑफिसची जागा मोजायची पद्धत १९१५ मध्येच छापली होती आणि तरी अजून अशी ब्रोशर्स हातात येतात ज्यात आकडा मोठ्ठा असतो पण नुसता कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, की लॉबी-जिन्याचा हिस्सा धरून, याचा पत्ताच नाही. भाडं त्या आकड्यावर ठरतं ना, मग मोजणी कशी केली ते त्याच्या शेजारीच, त्याच साइजमध्ये यायला हवं.

लीड (LEED), म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं प्रमाणपत्र, त्याच्या बाबतीतही तसंच. रजिस्टर्ड म्हणजे फक्त नोंदणी केलीय, सर्टिफाइड म्हणजे मिळालंय. काम चालू असलेल्या इमारतीवर लीडच्या गोल्ड पातळीचा शिक्का डिझाइनमध्ये टाका म्हणाले तर मी टाकत नाही, वाद झाला तरी चालेल.

ब्रँडिंगचं थोडक्यात सांगते. लोगो होर्डिंगवर चांगला दिसतोच, तो व्हिजिटर पासवर आणि लिफ्टमधल्या छोट्या पट्टीवर वाचता येतो का ते बघा. आणि सोनेरी रंग हवा असेल तर मेटॅलिक स्पॉट इंक (वेगळी तयार चमकदार शाई) किंवा फॉइल घ्या, छपाईच्या नेहमीच्या चार रंगांतून सोनेरी काढायला गेलात तर मातकट तपकिरी येतो.

परत मधल्या पानाकडे येते. एका साइट व्हिजिटला एक बाई ब्रोशर मध्यावर उघडून प्लॅनवर पेन्सिलने टेबलं मांडत होत्या, इथे अकाउंट्स, इथे मीटिंग रूम, आणि चकचकीत कोटिंगवर पेन्सिल उमटतच नव्हती, पुन्हा पुन्हा गिरवत होत्या बिचाऱ्या. मधला शीट सुटाच असतो म्हटल्यावर त्याचा कागद वेगळा घ्यायला काय हरकत आहे? बाकी सगळं मॅट आर्ट पेपरवर आणि प्लॅनचा शीट अनकोटेड, असं आता प्रत्येक कामात करते. खर्च थोडा वाढतो, क्लायंट कुरकुरतो, मग मी त्याच्या हातात पेन्सिल देते आणि दोन्ही कागदांवर रेघ मारून बघायला सांगते.